किंग हेन्री रोडवरचे दहा नंबरचे घर

लंडनला जाणारा माणूस राणीचा राजवाडा बघतो, टॉवर ब्रिज बघतो, मेणाचे पुतळे बघतो आणि फोटो घेऊन परत येतो. आंबेडकरी माणसाच्या यादीत मात्र या सगळ्याच्या आधी एक पत्ता असतो. १०, किंग हेन्रीज रोड. परमपूज्य बाबासाहेब १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून या घरात राहिले. दर्शनी भिंतीवर निळी गोल पाटी आहे, तिच्यावर त्यांचे नाव आणि हीच दोन साले आहेत.

आमची भाची लंडनच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या आग्रहामुळे आणि साठवलेल्या रजेमुळे आम्ही व आमच्या सौ. तेथे जाऊ शकलो. बाबासाहेबांनी लंडनमध्ये किती पदव्या मिळवल्या, हे आपल्या घरातली पोरेसुद्धा सांगतात. म्हणून आज त्या घराविषयीच लिहायचे ठरवले आहे. ते कोणी बांधले, कसे बांधले, कोणासाठी बांधले, आणि एवढ्या मोठ्या घरात आपल्या गरीब विद्यार्थ्याला खोली कशी मिळाली? पुस्तक वाचावे तसे घरही वाचता येते.

जमीन कोणाची?

भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाईनवर चॉक फार्म नावाचे स्टेशन आहे. बाहेरून गडद लाल चकाकत्या फरशांनी मढवलेले. १९०७ साली सुरू झालेले हे स्टेशन बाबासाहेबांच्या वेळीही होतेच. स्टेशनातून बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्री रोड लागतो. रस्ता शांत, दुतर्फा झाडी, आणि हाकेच्या अंतरावर प्रिमरोझ हिल ही हिरवी टेकडी. टेकडीवरून सारे लंडन दिसते.

हा किंग हेन्री म्हणजे इंग्लंडचा राजा सहावा हेन्री. त्याने १४४० साली ईटन येथे एक शाळा काढली. आज ईटन म्हटले की अमीर-उमरावांची आणि पंतप्रधानांची शाळा असे कोणीही सांगेल. पण राजाने ती काढली तेव्हा सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवावे, असा तिचा हेतू होता! शाळेच्या खर्चासाठी राजाने ज्या जमिनी दिल्या, त्यांत चॉकट्स नावाची ही वाडी होती. काळाच्या ओघात शाळा श्रीमंतांची झाली, जमीन मात्र शाळेच्या नावावर राहिली. गरीब विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या त्या जमिनीवर पुढे हिंदुस्थानातला एक गरीब विद्यार्थी येऊन राहिला, आणि आज त्या रस्त्यावर जगभरातून लोक येतात ते त्याच्यासाठी.

चारशे वर्षे येथे शेती आणि कुरणे होती. १८२६ साली पार्लमेंटने कायदा करून ईटन शाळेला ही जमीन बांधकामासाठी नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने देण्याची मुभा दिली. लंडनचा बराचसा भाग अशाच व्यवहारातून उभा राहिला आहे. जमीनमालक जमीन विकत नाही, पट्ट्याने देतो. कंत्राटदार स्वतःच्या किंवा उसन्या पैशाने घरांची रांग बांधतो, घरे भाड्याने लावतो आणि मालकाला दरवर्षी जमिनीचे भाडे भरतो. मुदत संपली की जमीन घरासकट मालकाकडे परत! ज्याने हात हलवला नाही, त्याच्या पदरात शेवटी सारे पडते. हिशेबात उमेदवारी केलेल्या आमच्यासारख्या माणसाला हा व्यवहार वाचून खोती आठवली.

या वाडीवर सर्वांत जास्त घरे बांधणारा कंत्राटदार होता सॅम्युएल कमिंग. तो जातीचा सुतार. दरम्यान १८३७-३८ च्या सुमारास लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारी रेल्वे याच जमिनीखालून बोगदा खणून गेली. शाळेने रेल्वे कंपनीला अट घातली की बोगद्याचे तोंड शोभिवंत बांधले पाहिजे, नाहीतर वाडीची किंमत कमी होईल. ते दगडी तोंड आजही किंग हेन्री रोडच्या जवळच आहे.

उभी वाटलेली चाळ

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. त्या चौसष्ट वर्षांत जे बांधले गेले त्याला व्हिक्टोरियन म्हणतात. आपल्याला व्हिक्टोरियन म्हटले की १८८८ साली पुरे झालेले मुंबईचे व्ही. टी. स्टेशन आठवते. घुमट, कमानी, दगडी मोर, माकडे! पण राणीच्या राज्यातली साधी घरे अशी नव्हती. ती रांगेत बांधत. एका घराची भिंत हीच दुसऱ्या घराची भिंत. दहा नंबरचे घर अशाच रांगेतले, विटांचे, चार मजली आहे.

आमच्या सौ. पहिल्यांदा घराकडे बघून म्हणाल्या, "ही तर चाळच की हो!" बोलणे अगदी खोटे नाही. फरक इतकाच, की आपली चाळ आडवी वाटलेली असते आणि ही उभी. आपल्याकडे एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि एक सामाईक गॅलरी. तिकडे एका कुटुंबाला तळापासून छपरापर्यंत एक उभा काप. जागा अरुंद, म्हणून घर वर वर चढत गेलेले.

या घरांच्या विटा पाहण्यासारख्या असतात. लंडनखालच्या मातीत चुनखडी आणि घराघरांतल्या चुलींची राख कालवून त्या भाजत, म्हणून त्यांचा रंग लाल न येता पिवळसर येई. शतकभर कोळशाचा धूर खाऊन त्या काळ्या पडल्या. पूर्वी इंग्लंडात विटेवर कर होता, काचेवर कर होता, एवढेच काय, घराला खिडक्या किती यावरही कर होता. काचेचा कर १८४५ साली गेला, विटांचा १८५० साली आणि खिडक्यांचा १८५१ साली. त्यानंतर खिडक्या मोठ्या झाल्या, काचा मोठ्या झाल्या. उजेडावर कर लावणाऱ्या सरकारने तो उठवला, हे व्हिक्टोरियन घराच्या प्रत्येक खिडकीवर लिहिलेले असते.

या खिडक्या आपल्यासारख्या बाहेर उघडत नाहीत, वर-खाली सरकतात. एवढी जड चौकट बोटाने कशी सरकते? बाजूच्या लाकडी पोकळीत दोरीला लोखंडी वजने टांगलेली असतात आणि दोरी कप्पीवरून जाते. खिडकी वर गेली की वजन खाली येते. विहिरीच्या रहाटाचीच युक्ती, फक्त लाकडात लपवलेली.

मजल्यामजल्याची माणसे

अशा घराची रचना एकदा समजून घेतली की त्या काळचा समाज डोळ्यांसमोर उभा राहतो. सर्वांत खाली, अर्धे जमिनीत गेलेले तळघर. तेथे स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी आणि नोकरांचा दिवसभराचा वावर. रस्त्याच्या पदपथाखाली कोळशाची कोठी. पदपथावर लोखंडी झाकण असे, कोळसेवाला ते उचलून पोते तेथेच रिकामे करी. कोळसा घरातून जायचा नाही आणि कोळसेवाल्याचा पायही दिवाणखान्याला लागायचा नाही.

त्यावर मालकांचे जेवणघर. त्याच्या वर पाहुण्यांचा दिवाणखाना. येथे छत सर्वांत उंच, खिडक्या सर्वांत मोठ्या, नक्षी सर्वांत जास्त. त्यावर झोपायच्या खोल्या. सगळ्यात वर, छपराला टेकलेल्या ठेंगण्या खोल्यांत मुले आणि मोलकरणी. रस्त्यावर उभे राहून खिडक्यांची उंची मोजत वर गेलात तर प्रत्येक मजल्याला माणसाची किंमत किती, ते कळते. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी, म्हणून छपरावर धुराड्यांची रांग. त्या सगळ्या शेगड्यांना कोळशाच्या बादल्या चढवून राख खाली आणायची ती मोलकरणीने, पहाटे, मालक उठायच्या आत.

हे ऐकताना आम्हाला 'मूकनायक' आठवला. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही! ते लिहून सहा महिने होतात न होतात तोच ते लंडनला आले, आणि पुढच्याच वर्षी या चार मजली घरात राहू लागले. विषमता या घरातही भिंतीत चिणलेली होती, ती मालक-नोकराची. पण मजल्यांना जोडणारा लाकडी जिना होता. सर्वांत वरची मोलकरीण त्याच जिन्याने खाली येई, दिवाणखान्यात शेगडी पेटवी, आणि तिच्या शिवण्याने विटाळ होत नसे. दोन विषमतांमधला फरक समजून घ्यायला एवढा जिना पुरेसा आहे.

मोठे घर, छोटी खोली

मग अशा घरात विद्यार्थ्याला जागा कशी मिळाली? पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. ज्या मुली मोलकरणी होत्या त्या युद्धात कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या, त्यांतल्या अनेकींना पुन्हा दुसऱ्याची राख उपसायला जायचे नव्हते. नोकरांवाचून चार मजली घर चालवणार कोण? त्यामुळे लंडनमधल्या अशा कितीतरी घरांच्या खोल्या सुट्या सुट्या भाड्याने जाऊ लागल्या.

बाबासाहेब १९१६ साली प्रथम लंडनला आले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले.

आता वाणिज्य शिकलेल्या माणसाच्या नजरेने एक गोष्ट पाहा. पैसा रुपयांत होता, खर्च पौंडांत. १९२० साली सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला, म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. तो भाव टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया सोळा पेन्सच्या आसपास आणि त्याहूनही खाली घसरला. सोळा पेन्सने हिशेब केला तर त्याच एका पौंडाला पंधरा रुपये! म्हणजे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा तिसरा हिस्सा वाटेतच गळून गेला. आणि बाबासाहेब त्या वेळी प्रबंध कशावर लिहीत होते? 'रुपयाचा प्रश्न' यावर! अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना जो प्रश्न आकडेमोडीत दिसत होता, तो यांना रोजच्या पावाच्या तुकड्यात दिसत होता.

धनंजय कीर यांनी चरित्रात त्या दिवसांच्या जेवणाची हकीगत दिली आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. रात्री भूक लागली की भाजलेले पापड आणि एक कप बोव्हरिल. म्युझियमपासून हे घर चार किलोमीटरच्या आसपास. भाड्याचे पैसे वाचवायला ते पायी चालत. आम्ही तो रस्ता एका संध्याकाळी चालून पाहिला. पोटभर जेवूनही पाय दुखले.

या तपश्चर्येतून १९२१ साली एम. एस्सी. झाली, १९२२ मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला, तो पुन्हा लिहून १९२३ साली पदवी मिळाली. ग्रेज इनमधून बॅरिस्टरीही पुरी केली. प्रबंधाचे पुस्तक झाले तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष द्यायला बाबासाहेब उभे राहिले, त्याच्या मागे हीच बैठक होती.

पण या काळात दुसऱ्या एका घराचा हिशेब कोण ठेवत होते? परळच्या पोयबावडीत बी. आय. टी. चाळ क्रमांक एक, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. तेथे माता रमाई संसार ओढत होत्या. लंडनच्या खोलीत एक पापड कमी भाजला गेला असेल, तर परळच्या खोलीत एक भाकरी कमी थापली गेली होती. दहा नंबरच्या घराचा इतिहास लिहिताना ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या वगळल्या, तर तो इतिहास अर्धाच राहील.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. याच परिसरात, १२२ रीजंट्स पार्क रोडवर, मार्क्सचे मित्र फ्रेडरिक एंगल्स १८७० ते १८९४ पर्यंत राहत होते. दहा नंबरच्या घरापासून ते घर चालत काही मिनिटांवर आहे. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्या विचारांची तुलना जगापुढे मांडली.

घर विकायला निघाले तेव्हा

१९६० च्या दशकात या वाडीवरची पुष्कळ व्हिक्टोरियन घरे पाडली गेली. जवळच्या ॲडलेड रोडला कॅम्डेन नगरपालिकेने उंच मनोरे उभारले. त्या पाडापाडीत दहा नंबरचे घर वाचले. पुढे २०१४ साली ते विकायला निघाले. हे प्रथम ध्यानात आले ते ब्रिटनमधल्या आपल्याच माणसांच्या. फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स या संस्थेने महाराष्ट्र सरकारला लिहिले, पाठपुरावा केला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून घर घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

येथे एक धडा घेण्यासारखा आहे. लंडनमध्ये राहते घर स्मारक करायचे तर नगरपालिकेची परवानगी लागते. तो अर्ज २०१८ साली, म्हणजे स्मारक सुरू झाल्यावर गेला. काही शेजाऱ्यांनी गर्दीच्या आणि आवाजाच्या तक्रारी केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅम्डेन नगरपालिकेने परवानगी नाकारली. कारण दिले की, शहरात घरांची टंचाई असताना राहती जागा कमी होते. प्रकरण अपिलात गेले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निकाल दिला. राहती जागा जाते हे खरे, पण स्मारकाचे सार्वजनिक मोल त्याहून जड आहे, असा त्याचा अर्थ.

आम्ही कचेरीतली माणसे. आम्ही एवढेच म्हणू, की कागद आधी आणि फीत नंतर. बाबासाहेबांच्या नावाच्या वास्तूचा कागद तर कोणालाही बोट ठेवता येऊ नये असा हवा.

नगरपालिकेचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आमची भाची जेथे राहते तेही असेच जुने, रांगेतले घर आहे. एका घरात पाच बिऱ्हाडे, एक चूल. ती म्हणाली, "मामा, आमच्यासारख्यांना आजही अशाच घरातली एक खोली परवडते." चाळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी राहत्या जागेची किंमत विसरून कसे चालेल? म्हणूनच एक घर कमी करून जे स्मारक मिळाले, त्याने त्या घराएवढे तरी काम केले पाहिजे.

आत गेल्यावर

आत खोल्या त्या काळासारख्या मांडल्या आहेत. पलंग, पलंगाशेजारी पुस्तके आणि चष्मा, टेबलावर जुने कागद, भिंतींवर छायाचित्रे. सारे घर दोन हजार चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे मोठे असूनही अरुंदच. जिना चढताना एकामागे एकच जाता येते. वर जाताना कठड्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

जे वाचक किंवा वाचकांची मुले तेथे जातील, त्यांना एक विनंती. आधी वेळेची चौकशी करून जा. मोठ्याने घोषणा देऊ नका. रांगेतल्या घरात भिंतीपलीकडे दुसऱ्याचे बिऱ्हाड असते, हे चाळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हारापेक्षा वही घेऊन जा. शक्य झाल्यास ग्रेज इनही बघा. तेथे २०२१ साली बाबासाहेबांच्या नावाची खोली सुरू झाली आहे.

आपल्यातल्या बहुतेकांना लंडनचे तिकीट परवडणारे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. पण परळची पोयबावडी लोकलच्या तिकिटात येते. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन बी. आय. टी. चाळीकडे जावे. वाटेत त्यांना सांगावे, की १९२१ साली येथले दोन खण आणि लंडनमधली एक खोली मिळून एकच घर होते. एका टोकाला अभ्यास चालला होता, दुसऱ्या टोकाला त्या अभ्यासासाठी काटकसर चालली होती. घरी आल्यावर मुलाच्या अभ्यासाला एक कोपरा, एक दिवा आणि दोन तास शांतता द्यावी. टीव्ही तेवढा वेळ बंद ठेवावा. त्याला तीस लाख पौंड लागत नाहीत.

जयभीम!